चाळिशीनंतर वजनकाट्याला एवढा मान कशाला?

उंबरठा (धागाकर्ता)
वय ४७. परवा लक्षात आलं की हल्ली मी मोजे पलंगावर बसून घालतो. पूर्वी एका पायावर उभं राहून, दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं लावत घालायचो. हा बदल कधी झाला पत्ताच नाही. मजा म्हणजे वजन कॉलेजच्या दिवसांपेक्षा जेमतेम ३ किलोने जास्त आहे, म्हणजे काट्याच्या लेखी मी ठणठणीत.
तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झडतात. त्या जागी चरबी येऊन बसली की काट्याला काडीचा फरक कळत नाही. वरून आपण खाणं तोडतो, वजन उतरतं, आपण खूश. पण व्यायामाशिवाय उतरवलेल्या वजनात काही वाटा स्नायूंचाही असतो. माझं मत स्पष्ट आहे: या वयात वजन घटवायचा नाद सोडावा आणि ताकद राखावी. पटत नसेल तर हाणा.

काटेकोर
साफ असहमत. सुटलेल्या पोटाला तात्त्विक अधिष्ठान देण्याचा हा प्रकार आहे. (तुमचं नसेल सुटलेलं, पण वाचणाऱ्यांचं काय?)
अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. तीन हजारांवर माणसं, सरासरी वय ५१च्या आसपास, सगळ्यांची साखर वाढलेली पण मधुमेह अजून न झालेला. एका गटाला लक्ष्य दिलं: वजन ७ टक्के उतरवा, आठवड्याला १५० मिनिटं चाला. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनीच. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो! एवढ्यावर एवढं मिळत असेल तर काट्याला मान द्यायलाच हवा.

उंबरठा
पण त्यात व्यायामही होता की. श्रेय एकट्या काट्याला कसं?

काटेकोर
हा प्रश्न पुढे त्याच संशोधकांनी तपासला. धोका कमी होण्यात सगळ्यात मोठा वाटा उतरलेल्या वजनाचाच निघाला, किलोमागे साधारण १६ टक्के. गुडघ्यांचं तर विचारूच नका. संधिवात असलेल्या वजनदार लोकांमध्ये १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार ४ किलोने हलका होतो. जिना चढताना हिशेब करा.

तिरकस
दोघंही उगाच भांडताय. चाळिशीत चयापचय मंदावतं, संपला विषय. हवा खाल्ली तरी अंगाला लागते.

दुर्बीण
@तिरकस, या समजुतीला २०२१ मध्येच सुरुंग लागलाय. ८ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत ६,४००हून जास्त लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च एकत्र मांडला गेला. शरीराचं आकारमान आणि स्नायू हिशेबात धरले तर २० ते ६० या वयात खर्च जवळजवळ स्थिर! साठीनंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्के उतरतो. चाळिशीत बदलते ती खुर्ची. ती जास्त मऊ होते आणि आपण तिच्यातून उठत नाही.

तिरकस
बरं. म्हणजे वीस वर्षं ज्याच्यावर खापर फोडलं तो निर्दोष. आता बायकोला काय सांगू?

निशिगंध
दुर्बीण, तुमची सरळ रेषा मान्य, पण तिच्याखाली आम्ही बायका चिरडल्या जातो. मी ५१ची. पाळी जाण्याच्या आगेमागे वजन होतं तेवढंच राहिलं आणि तरीही एकही जुना ब्लाउज होईना. मांड्यांवरची चरबी पोटाकडे सरकते, इस्ट्रोजेन कमी झाल्याचा हा परिणाम. त्यात रात्री दोनला दरदरून घाम फुटून जाग येते, मग सकाळी कसला व्यायाम? जिममधला पोरगा मला म्हणाला, "काकू, कंट्रोल ठेवा." डंबेल त्याच्या पायावर टाकावंसं वाटलं.
काट्याची बाजू घेणाऱ्यांनी आणि त्याला शिव्या घालणाऱ्यांनी, दोघांनीही एकदा शिंप्याची टेप हातात घ्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. पोट आत न ओढता मोजायचं, श्वास सोडून. फसवणूक तिथेच होते. आणि वजन उचलायला मी पोटासाठी लागलेच नव्हते, हाडांसाठी लागले. पाळी गेल्यावर ती झपाट्याने विरळ होतात, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

दुर्बीण
निशिगंध, मान्य. मी खर्चाबद्दल बोललो, चरबी कुठे साठते याबद्दल नाही.

रात्रपाळी
सगळं वाचलं. यातल्या कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस नसावं. माझ्याकडे वडील आहेत, शिवाय दहावीतली मुलगी आणि नोकरी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, वर दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. हा वेळ कुणाच्या घड्याळातून काढू? कळतं पण वळत नाही असं नाहीये, वळायलाच जागा नाहीये.

उंबरठा
रात्रपाळी, तुमच्यापुढे उपदेश करायची माझी लायकी नाही. फक्त एक सांगतो. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती २०२०च्या शिफारशींत काढून टाकली. दोन जिने चढलात तरी धरलं जातं. वडिलांना उठवता-बसवता तेही धरा, मात्र कंबरेतून वाकू नका, गुडघ्यांत वाका.

रात्रपाळी
हे पहिलं कामाचं वाक्य. पाठ धरलीच आहे.

तिरकस
आणि ज्यांची गाडी सुटली त्यांचं? मी ५८.

उंबरठा
१९९०चा एक छोटा प्रयोग आहे. वृद्धाश्रमातले दहा जण, वयं नव्वदीच्या घरात. आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गाडी फलाटावरच आहे, चढा.
बाकी निशिगंधताईंच्या सांगण्यावरून टेप लावली. उंची १७०, कंबर ९३. म्हणजे ८ सेंटिमीटर जास्त. काटेकोर, हसू नका. काट्याला मान देणार नाही, पण टेपेला द्यावा लागेल. ताकदीचा मुद्दा सोडत नाहीये.

काटेकोर
हसत नाहीये. माझी कंबर मापात आहे, म्हणून सकाळी ऐटीत तुमचा मोज्याचा प्रयोग केला. डावा जमला. उजव्याच्या वेळी कपाट धरलं. यावर कृपया कुणी प्रतिसाद देऊ नये.

तिरकस
+१