सोसायटीच्या ग्रुपवर: टँकरच्या पैशाची क्लिप

बी-१०४ (सेक्रेटरी): सगळ्यांनी क्लिप ऐका. डी-१०२ च्या ताई ५ तारखेला टँकरचे पैसे देते म्हणाल्या होत्या, आज १४. आता म्हणायलेत असं ठरलंच नव्हतं. माझ्या मोबाईलमधे सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, म्हणून बरंय.

ए-२०२: सगळे?? परवा गच्चीच्या गळतीवरून मी चेअरमन साहेबांबद्दल बोलले ते पण?

बी-३०१: ताई आता ते तुम्हीच ग्रुपवर सांगितलं 😂

सी-४०१: हे बेकायदा आहे साहेब. प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे, २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ जजांनी सांगितलंय. न विचारता कसं काय रेकॉर्ड करता

सी-३०३ (वकील): सर दोन गोष्टी एकत्र करायलात. दुसऱ्या दोघांचं बोलणं तिसऱ्यानं चोरून ऐकणं म्हणजे टॅपिंग, त्याला सरकारला सुद्धा गृह सचिवाची लेखी ऑर्डर लागते. पण स्वतःच्या कॉलचं रेकॉर्डिंग केलं म्हणून गुन्हा, असा थेट कायदा आपल्याकडं नाही. १९७२ ची मलकानी केस बघा, मुंबईचा कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाच मागत होता, एसीबीनं (लाचलुचपत विभागानं) एका डॉक्टरच्या फोनला त्याच्या संमतीनं टेप लावला अन् कोर्टानं तो पुरावा धरला. अट इतकीच की आवाज कोणाचा ते पटलं पाहिजे, विषयाशी संबंध पाहिजे अन् काटछाट नको.

बी-१०४ (सेक्रेटरी): झालं तर मग 👍

सी-३०३ (वकील): थांबा हो, पुढचं पण वाचा. क्लिप कोर्टात नेली तर सोबत सर्टिफिकेट लागतं, आधी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५बी होतं आता नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. ते लागतंच हे २०२० ला पक्कं झालं ते आपल्या बाजूच्या जालन्याच्या केसमधे, खोतकर-गोरंट्याल या नेत्यांची, निवडणुकीचा फॉर्म दुपारी ३ वाजायच्या आत भरला का नंतर यावरून भांडण अन् निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. आपल्याच औरंगाबाद खंडपीठातून वर सुप्रीम कोर्टात गेली होती. हे सगळं कोर्टातलं झालं. ग्रुपवर ८० लोकांना ऐकवणं हा वेगळा विषय, त्यावरून बदनामीचा दावा होऊ शकतो.

ए-१०१: नवरा बायकोचं पण चालतं म्हणे आता

सी-३०३ (वकील): हो, जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं घटस्फोटाच्या केसमधे चालेल म्हणलंय.

ए-१०१: आमचे हे फोनच उचलत नाहीत, काय रेकॉर्ड करू

बी-२०४: माझा मुलगा कॅलिफोर्नियात आहे. तिथं कॉलवरच्या सगळ्यांची परवानगी लागते, नाहीतर गुन्हा.

बी-३०१: काका इथं टँकर येईना अन् तुम्ही कॅलिफोर्निया

ए-३०२: मी तर म्हणते करावंच रेकॉर्ड. आमच्या भावानं गावाकडं प्लॉटसाठी ३ लाख इसार दिला, पावती नाही काही नाही, समोरचा पलटला, फोनवर घेतले म्हणून कबूल केलेलं होतं म्हणून परत आले नाहीतर बसला असता बोंबलत. पण ती क्लिप त्यानं त्या माणसालाच ऐकवली, गावाला नाही.

सी-४०१: मॅडम तेच म्हणतोय. गूगलच्या फोन ॲपवर निदान बाईचा आवाज येतो कॉल रेकॉर्ड होतोय म्हणून, माणूस सावध तरी होतो.

डी-१०२: सकाळपासून वाचायले मी. क्लिप ४० सेकंदाची आहे, कॉल ११ मिनिटांचा होता. ५ तारखेला देते म्हणाले ते खरंय, पण त्याच्या पुढंच मी सांगितलं की यांची वाळूजची कंपनी बंद झाली ३ महिने पगार नाही, कोणाला बोलू नका, अन् साहेब तुम्हीच म्हणालात की ताई टेन्शन घेऊ नका होईल तसं द्या. ते कुठाय क्लिपमधे? लेकराला सुद्धा अजून सांगितलं नव्हतं, आता इथं लिहावं लागलं.

सी-३०३ (वकील): काटछाट म्हणालो ते हेच.

ए-३०२: 🙏 ताई

(बी-१०४ यांनी मेसेज डिलीट केला)

ए-२०२: साहेब गच्चीवालं पण डिलीट करा ना

सी-२०१: टँकर आलाय खाली, पाईप धरायला कोणीतरी या लवकर, ड्रायव्हर थांबत नाही

बी-१०४ (सेक्रेटरी): ताई तुम्हाला फोन करू का?

डी-१०२: नको. इथंच लिहा.