रि: रि: ग्रीसची बेटं, गणपतीनंतर, आईबाबांना घेऊन

प्रेषक: शलाका

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मेल्समध्ये मध्येच घुसतेय, सॉरी. यंदा २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला बसतायत आणि अनंत चतुर्दशी २५ला, त्यानंतर लगेच ग्रीसला जायचं चाललंय, कारण पुण्याहून आईबाबा इथे यूकेला आलेले असतील आणि पिल्लू अजून शाळेत जात नाही, मग उगाच शाळेच्या सुट्टीतले भाव कशाला मोजायचे. (बाबा म्हणाले अगं तेव्हा पितृपक्ष, मी म्हटलं तिकडे कुठे कोण पंचांग बघतंय, आता हो-नाही करत तयार झालेत.) हातात आठवडा, फार तर दहा दिवस. नवऱ्याने एक्सेल केलीय, त्यात अथेन्स, मिकोनोस, पारोस, नाक्सोस, मिलोस, सँटोरिनी सगळं रंगीत रकान्यांत बसवलंय. आईचे गुडघे दुखतात आणि ती शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा इतिहासाचे मास्तर होते. मला फक्त पाण्यात पडून राहायचंय. कोणी जाऊन आलंय का? यूट्यूबवरचं नको, स्वतःचं सांगा.

शलाका

---

प्रेषक: निखिल

एक्सेल डिलीट करायला सांग त्याला.

सिरियसली. एक बेट बदलायचं म्हणजे अर्धा दिवस कमीत कमी गेला, चेक-आउट सकाळी, बोट दुपारी, ती लेट, मग नवीन हॉटेलवाला बंदरावर येणार, त्यात पिल्लू आणि आईबाबा आणि पाच बॅगा. दोन बेटं घ्या, बास. अथेन्स पुन्हा कधीतरी.

निखिल

---

प्रेषक: वैशाली

शलाका, निखिलला अनुमोदन. आणि दोनातलंही एकच खरं राहायचं, दुसरं फक्त विमानासाठी.

माझं मत विचारशील तर नाक्सोस. इथून थेट विमान नाही तिथे, म्हणूनच ते अजून शहाणं राहिलंय. सँटोरिनीला थेट फ्लाइट मिळते, तिथून बोटीने दीड-दोन तासात नाक्सोस. पण एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेव: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री त्याच बेटावर असायचं जिथून विमान उडणार. सकाळची बोट आणि दुपारचं विमान असलं शहाणपण नको. वारा जास्त झाला की बंदर खातं बोटी थांबवतं, पहिल्यांदा त्या छोट्या हायस्पीडवाल्या, कधी खलाशांचा संप असतो, आणि मग तुमच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात पण विमान काही थांबत नाही. म्हणून नाक्सोस आधी, शेवटच्या एकदोन रात्री सँटोरिनी.

बोट मोठी संथवाली घे. हायस्पीडमध्ये बहुतेक आत बसवून ठेवतात, डेकवर जाता येत नाही, लाटा असतील तर हातात पिशव्या घेऊन बसलेली माणसं बघावी लागतात. मोठ्या बोटीवर डेकचं साधं तिकीट पुरतं. आईंना सांगून ठेव की चढणं-उतरणं झटपट असतं. बोट बंदराला लागायच्या आधीच सगळ्यांना खाली गाडीतळावर बोलावतात, तिथे डिझेलचा वास, ट्रक सुरू, बॅगा लोखंडी मांडणीवर बेटांच्या नावाच्या पाट्यांखाली ठेवलेल्या (चढताना आपल्याच बेटाच्या पाटीखाली ठेवायची, नाहीतर बॅग पुढच्या बेटावर फिरायला जाते), मग ती अजस्र फळी साखळ्यांच्या खडखडाटात खाली येते, शिट्ट्या, आरडाओरडा, चढणारे उतरणाऱ्यांच्या अंगावर, आणि काही मिनिटांत बोट निघालेली असते. एकाने पिल्लू, एकाने आई, बाकीच्यांनी बॅगा, हे आधीच ठरवा.

राहायला नाक्सोसच्या गावातच, म्हणजे खोरा, आयिओस येओर्यिओस बीचच्या बाजूला. चालत जायचं, सपाट, आणि पाणी लांबपर्यंत गुडघाभर, पिल्लासाठी तेच हवं. तुला खरं डुंबायचं असेल तर आयिओस प्रोकोपिओस किंवा प्लाका, बस जाते. वरच्या किल्ल्यात पायऱ्याच पायऱ्या आहेत, आईंना तिथे नेऊ नका, त्यापेक्षा संध्याकाळी पोर्ताराला न्या. अपोलोच्या देवळाचं संगमरवरी दार, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातलं, देऊळ कधी पुरं झालंच नाही, नुसती चौकट उभी आहे समुद्राकडे तोंड करून. वाट थोडी चढाची आहे पण जमेल. सूर्यास्त बघायला सँटोरिनीच्या ओइया गावाला जी ढकलाढकली होते ती इथे नाही.

खाण्याचं सांगते, कारण आईंची काळजी तिथेच असणार. मेन्यूवर व्हेजिटेरियन शोधत बसू नका. विचारायचं «लादेरा» काय आहे आज, म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या. भेंडी टोमॅटोत, फरसबी, वांगी-बटाटा-झुकिनीचं ब्रियाम, मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्यासारख्या दिसणाऱ्या घेवड्याचे दाणे ओव्हनमध्ये केलेले. उन्हाळ्यात «व्लिता» मिळते, चक्क माठाची पालेभाजी, उकडून वर लिंबू आणि तेल. शिवाय फावा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच ते, वर कांदा. सँटोरिनीची फावा ज्या दाण्यांची करतात ते आपल्या विदर्भातल्या लाखोळीचे चुलत भाऊ.

आता «नीस्तिसिमो» म्हणून एक शब्द सगळे सांगतात, म्हणजे उपासाचं, त्यात मांस दूध अंडं काही नसतं. पण त्यांच्या उपासाला कोळंबी चालते, माकूळ चालतं, ऑक्टोपस चालतो! तेव्हा नुसतं तेवढं बोलून मोकळं होऊ नका. आणि तारामोसलाता म्हणून गुलाबी चटणीसारखं काहीतरी येतं, ते माशाची अंडी असतात. भरलेल्या टोमॅटोत आणि द्राक्षाच्या पानांत कधी खिमा असतो कधी नुसता भात, दर वेळी विचारायचं. चीझमध्ये रेनेट (वासराच्या जठरातलं विरजण) असतं, आई तितक्या कडक असतील तर चीझ सोडा. सगळं कोमट देतात, ती त्यांची पद्धतच आहे, आईंना आधीच सांग नाहीतर पहिल्याच दिवशी «हे गरम करून आणा» सुरू होईल.

वैशाली

---

प्रेषक: काका (रेडिंग)

चि. शलाका,

वैशालीने वाऱ्याचा ओझरता उल्लेख केला, मी हवामान खात्यातला जुना माणूस, मला राहवत नाही. त्या वाऱ्याचं नाव मेलतेमी. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानवर कमी, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून दिवसच्या दिवस वाहतो, आकाश मात्र निळंशार. आणि गंमत अशी की तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आपल्या मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचं पश्चिमेकडचं टोक. कोकणात आषाढ-श्रावण कोसळत असतो तेव्हा तिथे हाच वारा बीचवरच्या छत्र्या उडवतो. सप्टेंबर सरताना जसा मान्सून परततो तसा हाही बराच शांत होतो, पाणी मात्र उन्हाळाभर तापलेलं असतं. तेव्हा तुमची तारीख उत्तम आहे, पितृपक्षाचं काय ते बाबांशी मी बोलतो. वारा सुटलाच तर दक्षिणेकडे तोंड असलेला बीच गाठायचा, उत्तरेकडच्या बीचवर डोळ्यात वाळू जाते.

आणि १५ ऑगस्टच्या आसपास कोणी चुकूनही जाऊ नका. आपण इथे झेंडावंदन करतो तेव्हा तिथे मेरीमातेचा सण असतो, अख्खा ग्रीस बेटांवर. तिनोसला तर भाविक बंदरापासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर रांगत चढ चढतात. बघण्यासारखं आहे, पण बोटीत जागा मिळणार नाही.

आपला,
काका

---

प्रेषक: मंदार

सँटोरिनीला सगळे इतकं का नाक मुरडतायत कळत नाही. हो गर्दी आहे, हो महाग आहे, पण ती भिंत बघितली आहे का, ज्वालामुखी खचून समुद्र आत आलाय, ते एकदा डोळ्यांनी बघावंच, आणि इतिहासाच्या मास्तरांना नाक्सोसला बटाटे दाखवणार का? (बटाटे चांगले असतात तिथले, मान्य.)

बाबांना अक्रोतिरीला न्या. ख्रिस्तपूर्व १६०० च्या आसपास राखेखाली गाडलं गेलेलं अख्खं गाव, दोन-तीन मजली घरं, गटारं, रांजण. १९६७ पासून खोदतायत. वर छप्पर आहे त्यामुळे ऊन लागत नाही, बांधलेल्या वाटेवरून चालायचं, काकूंनाही जमेल. माणसांचे सांगाडे जवळजवळ नाहीतच, लोक आधीच पळाले असावेत. आणि तिथली भित्तिचित्रं «फिरा» या सँटोरिनीच्या मुख्य गावातल्या म्युझियममध्ये आहेत, त्यात निळी माकडं आहेत, काही अभ्यासकांचं म्हणणं की ती आपली काळ्या तोंडाची वानरं आहेत, शेपटी वर वळवून धरतात त्यावरून. ग्रीसमध्ये तर वानरं नाहीत, मग चित्रकाराने पाहिली कुठे? बाबा एक दिवस तिथेच बसतील.

फक्त क्रूझ बघून जा. २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातलीय, पण तेवढेही एकदम फिरात ओतले की चालता येत नाही. कोणत्या दिवशी किती जहाजं ते ऑनलाइन दिसतं. जास्त जहाजं असतील त्या दिवशी दुपारी पिरगोस नाहीतर मेगालोखोरी गावात जाऊन बसा, ओइया सकाळी लवकर करा. जुन्या बंदराची केबल कार घ्या, आणि गाढवावर बसू नका प्लीज, त्या गाढवांचे हाल बघवत नाहीत.

मंदार

---

प्रेषक: शलाका

बाप रे किती मेल्स, थँक्यू सगळ्यांना!! एक्सेल डिलीट झाली (म्हणजे दोन रकाने उरलेत). नाक्सोस सहा रात्री, सँटोरिनी दोन. काका, बाबांशी बोलाच.

आता फुटकळ प्रश्न. एक, आई म्हणतेय तूप, लसणाची चटणी आणि चितळ्यांच्या बाकरवड्या घेऊन जाऊ. दोन, भाऊ पण येतोय पुण्याहून, नाक्सोसला गाडी मीच चालवणार म्हणतो. तीन, आईबाबांचा व्हिजा इथे आल्यावर करू का?

शलाका

---

प्रेषक: निखिल

व्हिजा भारतातूनच करून आणा!! यूकेचा व्हिजिटर व्हिजा असलेल्याचा शेंगेनचा (ग्रीससकट बहुतेक युरोपच्या सामायिक व्हिजाचा) अर्ज इथे सहसा घेतच नाहीत, इथे राहण्याचं परमिट मागतात. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी ९० युरो माणशी. तुझा पासपोर्ट अजून निळा भारतीय असेल तर तुलाही लागणार, अपॉइंटमेंट आत्ताच बघ, उन्हाळ्यात मिळत नाहीत.

भावाला पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायला सांग, नुसत्या भारतीय लायसन्सवर नाही चालणार. इथलं यूकेचं लायसन्स मात्र ग्रीसमध्ये चालतं. आणि इन्शुरन्समध्ये टायर आणि गाडीचा खालचा भाग बहुतेक वेळा नसतो, तेव्हा कच्च्या रस्त्यावर गाडी घालायच्या आधी कागद वाचा. नाक्सोसच्या आपिरांथोस गावाच्या बाजूला घाट आहे, वळणावर शेळ्या रस्त्यात बसलेल्या असतात, हॉर्नला दाद देत नाहीत.

निखिल

---

प्रेषक: वैशाली

तूप नाही चालणार गं. ब्रेक्झिटनंतर यूकेहून युरोपात जाताना दुधाचं आणि मांसाचं काही नेता येत नाही, तूप, पेढे, श्रीखंड सगळं त्यात. पिल्लाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे. चटणी आणि बाकरवडी खुशाल न्या.

आईंच्या गुडघ्यासाठी इथे दुकानात मिळते ती को-कोडामॉल नेऊ नका, त्यात कोडीन असतं, ग्रीसमध्ये ते प्रिस्क्रिप्शनशिवाय चालत नाही. साधी पॅरासिटामॉल न्या, किंवा डॉक्टरची चिठ्ठी सोबत.

खोलीच्या भाड्यावर दर रात्रीचा सरकारी कर असतो, तो बहुतेक तिथे गेल्यावरच मागतात, एप्रिल ते ऑक्टोबर तीन स्टार हॉटेलला ५ युरो, एअरबीएनबीसारख्या अपार्टमेंटला ८, खोलीमागे, माणशी नाही. नवऱ्याला सांगून ठेव म्हणजे काउंटरवर वाद नको. हॉटेलात पाव न मागता येतो आणि त्याचे पैसे लागतात, त्यावरही वाद नको. पण पावती दिलीच नाही तर पैसे द्यायची सक्ती नाही, तशी पाटीच लावलेली असते.

संडासात कागद टाकायचा नाही, पाइप अरुंद असतात, बाजूला डबा असतो त्यात. जेट स्प्रे मिळणार नाही, एक मग बॅगेत टाक. आणि दुपारी तीन ते साडेपाच गावात आवाज करायचा नाही, सगळे झोपतात, पिल्लूलाही झोपव. रात्री आठला जेवायला गेलात तर खानावळीत तुम्ही एकटेच असाल. तेच बरं आहे तुम्हाला.

हां, नाक्सोसच्या डोंगरातल्या हाल्की गावात कित्रोन मिळतं, महाळुंगाच्या पानांची दारू, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ना तेच फळ. बाबांना सांगू नकोस पितृपक्षात. आम्हाला मात्र एक बाटली आण.

वैशाली

---

प्रेषक: काका (रेडिंग)

बाबांशी बोललो. येतायत. पण सर्वपित्री अमावस्येला, १० ऑक्टोबरला, घरी हवेत म्हणाले, तेवढं तिकिटात बघ. निळ्या वानरांचं मी सांगितलं, आता तेच मला फोन करून करून विचारतायत.

---

प्रेषक: मंडळ कमिटी

शलाका, विसर्जन शुक्रवारी असलं तरी आपला हॉल शनिवारी २६ला आहे आणि प्रसादाच्या भांड्यांच्या ड्युटीवर तुझं नि तुझ्या नवऱ्याचं नाव आहे. २७च्या आधीचं विमान घेऊ नकोस. बाकी सगळ्यांनी कृपया मेलच्या विषयात «ग्रीस» लिहा, मोदकांच्या ऑर्डरी यात हरवतायत.