मिरचीच्या पथारीवर घालायच्या हातबाह्या कोणत्या कापडाच्या असाव्यात?

प्रश्न (नंदुरबार)
नमस्कार. आमची मिरची वाळवण्याची लहानशी पथारी असून हंगामात वीसेक बाया देठ खुडायला येतात. साडीवर घरातल्या माणसाचा जुना शर्ट चढवून काम करण्याची आपल्याकडची रीत आहे, पण त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकतात. म्हणून गेल्या वर्षी मी इलास्टिकच्या नायलॉनी हातबाह्या आणून दिल्या, तर आठवडाभरात बहुतेकींनी त्या काढून ठेवल्या. एकीने मनगट दाखवले, तेव्हा इलास्टिक बसते नेमक्या त्याच जागी बोटभर रुंदीचा लाल वळ उमटलेला होता. कापड चुकले की शिवण?

उत्तर (धुळे, शिवणकाम)
दोन्ही. नायलॉनमधून घाम बाहेर पडत नाही आणि इलास्टिकखाली अडकलेली भुकटी त्याच घामात कालवून दिवसभर कातडीला लागत राहते. घट्ट विणीचे मांजरपाट घ्या, मात्र बेतण्याआधी ते भिजवून आटवून घ्या. नाही तर पहिल्या धुण्यानंतर बाही दंडावर चढणार नाही. लांबी १८ इंच आणि दंडाकडचा घेर १६ इंच धरला, तर ३६ इंच पन्ह्याच्या एका मीटरात दोन जोड्या निघतात व कडेच्या उरलेल्या पट्टीत मनगटाच्या पट्ट्याही बसतात. वर नाडी घाला, खाली बटण लावा. हातमोजे घालत असतील, तर बाहीचे टोक मोज्याच्या वरून यावे, म्हणजे भुकटी मोज्यात उतरत नाही.

उत्तर (शहादा)
कापडाइतकेच धुण्याकडे लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. मिरचीचा जहालपणा मुख्यतः बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात असतो, आणि देठ ओढताना नेमका तोच फाटतो. हा जहालपणा नुसत्या पाण्याने जात नाही, तेलात मात्र विरघळतो. त्यामुळे हातांना आधी गोडेतेल चोळून पुसावे आणि मग साबण लावावा. बाह्या घरी नेऊ देऊ नका. आमच्याकडे एकीने त्या तान्ह्या लेकराच्या दुपट्यांबरोबर धुतल्या, आणि लेकरू रात्रभर रडत राहिले. प्रत्येकीला दोन जोड्या द्या आणि पथारीवरच साबणाची बादली ठेवा.

उत्तर (जळगाव)
नाडीबद्दल एक हरकत नोंदवतो. पथारीवर ती चालेल, पण मिरची दळण्याच्या यंत्राजवळ लोंबती नाडी किंवा सैल बाही पट्ट्यात सापडली, तर हातही तिच्यामागून ओढला जातो. तेथे अशा बाह्या देऊच नयेत. मनगटाशी बटण लावलेला, अंगाबरोबरचा शर्टच बरा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. म्हणजे वीस मीटर मांजरपाट लागेल, आणि यंत्रावरच्या दोघांना वगळतो. धुळ्याच्या ताई, नाडीचे टोक आत खोचता येईल असा खिसा त्याच बेतात बसेल का?