पाटलीपुत्राचं नक्की काय झालं? पाटण्यात बघण्यासारखं काही उरलंय का?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत पाटण्याला चाललोय, दिरांची बदली झालीये तिकडे, दानापूर एक्स्प्रेसची तिकिटंही कन्फर्म झालीत. लेक सहावीत आहे, इतिहासात मौर्य आलेत, त्यामुळे चंद्रगुप्ताचा राजवाडा बघायचाच असं तिने ठरवून टाकलंय. जावेला फोनवर विचारलं तर म्हणाली अगं इथे एक बाग आहे, त्यात एक खांब ठेवलाय, बस. आम्ही मागच्या वर्षी हंपीला गेलो होतो, तिथे दोन दिवस पुरले नाहीत, मग अशोकाच्या राजधानीचं असं कसं झालं? गंगेनं वाहून नेलं की कोणी पाडलं? आणि मुलीला तिथे काय दाखवू?

मुठाकाठी:
ताई, हंपी दगडाची आणि पाटलीपुत्र लाकडाचं, हा सगळ्यात मोठा फरक. मेगॅस्थिनिस चंद्रगुप्ताच्या दरबारात आलेला ग्रीक राजदूत, त्याचं मूळ पुस्तक हरवलं पण नंतरच्या ग्रीक लेखकांनी त्यातलं बरंच उतरवून ठेवलंय. त्यात शहर 80 स्टेडिया (ग्रीकांचं अंतराचं माप) लांब आणि 15 स्टेडिया रुंद, म्हणजे साधारण 14-15 किलोमीटर बाय पावणेतीन. आपल्या पिंपरी ते स्वारगेट मेट्रोपेक्षा थोडं कमी लांब, आणि रुंदी शनिवारवाडा ते स्वारगेटहून जरा जास्त. गंगा आणि शोण यांच्या संगमावर वसलेलं असल्यामुळे असं चिंचोळं. तटाला 570 बुरूज, 64 दरवाजे, भोवती खंदक, आणि तो तट अख्खा लाकडी, बाण मारायला जंग्या ठेवलेला. कारणही दिलंय, नदीकाठच्या गावांत विटा पावसापुरात टिकत नाहीत म्हणून लाकूड, उंचावरच्या गावांत विटा आणि माती.

पाटण्यातल्याच बुलंदीबागेत 1926-27 च्या खोदकामात हा तट खरंच सापडला, सागवान नाही, साल वृक्षाचे ओंडके, दोन समांतर रांगांत उभे. दोन हजार वर्षं चिखलात राहून टिकले, मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मुलीला समजावायचं तर आधी शनिवारवाड्यात घेऊन जा. 1828 च्या आगीत वरचं सगळं लाकूडकाम गेलं, आज आत गेलं की नुसती जोती दिसतात, तट आणि दिल्ली दरवाजा तेवढे दगडविटांचे म्हणून उभे. पाटलीपुत्राचा तटही लाकडाचा होता, म्हणजे तिथे काय उरणार. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गाच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की तट लाकडाचा बांधू नये, त्यात अग्नी वस्तीला असतो.

कसबेकर_७८:
कुम्हरारचा 80 खांबांचा सभामंडप विसरू नका, जाऊबाई म्हणतायत ती बाग तीच. 1912-13 ला स्पूनर या पुरातत्त्वज्ञानी खणायला घेतला तेव्हा पैसे रतन टाटांनी दिले होते. त्याला 72 खांबांच्या जागा मिळाल्या, म्हणजे बऱ्याच ठिकाणी खांब नव्हेच, राख आणि दगडाचे तुकडे भरलेले गोल खड्डे. उरलेल्या 8 जागा 1951-55 मध्ये अनंत सदाशिव आळतेकरांच्या टीमला मिळाल्या. आळतेकर आपले कोल्हापूरकडचे, बनारसला आणि मग पाटण्याला शिकवायचे, हे मुलीला नक्की सांगा. गुप्तकाळातला आरोग्यविहार, म्हणजे भिक्खूंचा दवाखाना, तोही त्यांनीच शोधला, मातीच्या मुद्रेवर तसं नाव आहे.
पाणी जमिनीखालून वर येतं म्हणून खांबांची जागा नंतर वाळू-मातीनं झाकून टाकलीये, तेव्हा सभामंडप दिसेल अशी आशा तिला आधीच दाखवू नका.

पेठेतला_वाचक:
रतन टाटा म्हणजे कोणते? 2024 मध्ये गेले ते नक्कीच नाहीत ना

कसबेकर_७८:
जमशेदजींचे धाकटे चिरंजीव, सर रतन टाटा. लिहायला हवं होतं, सॉरी.

मुठाकाठी:
अजून एक राहिलं. ताईंनी पाडलं कोणी असं विचारलंय, पण एकाच कोणाचं नाव घेता येत नाही. पाली ग्रंथात बुद्धाच्या तोंडी या गावाबद्दल एक भाकीत आहे, तेव्हा ते नुसतं पाटलीग्राम होतं आणि मगधाचा राजा अजातशत्रू याचे मंत्री गंगेपलीकडच्या वज्जी लोकांना अडवायला तिथे कोट बांधत होते. हे नगर मोठं होईल पण त्याला तीन भयं राहतील, आग, पाणी आणि आपसातली फूट. मंडपात राख सापडली, शोण नदी सरकून आता कितीतरी पश्चिमेला गंगेला मिळते. फाहियान हा चिनी प्रवासी पाचव्या शतकात आला तेव्हा अशोकाचा महाल उभा होता, लोक म्हणायचे तो भुतांनी बांधलाय. सातव्या शतकात दुसरा चिनी प्रवासी ह्युएनत्संग याला पडझडच दिसली. मग 1541 च्या सुमाराला शेरशाहानं तिथेच किल्ला बांधला आणि गाव पुन्हा वाढलं. हंपी ओसाड पडली म्हणून जशीच्या तशी राहिली, पाटणा जिवंत राहिलं, माणसं घरांवर घरं बांधत गेली. कुठे खणणार?

सिंहगडरोडकर:
खूप आभार दोघांचे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. मग जायचं ते एवढंच, कुम्हरार?

कसबेकर_७८:
नाही हो. बिहार म्युझियममध्ये दीदारगंजची यक्षी म्हणजे दगडी स्त्रीमूर्ती आहे, 1917 ला गंगेकाठी सापडली, त्या दगडावरची चकाकी मुलीला जवळून बघू दे. आणि एक दिवस राजगीरला ठेवा, पाटण्याहून साधारण 100 किलोमीटर. पाटलीपुत्राच्या आधीची मगधाची राजधानी ती, डोंगरावर मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेला तट अजून आहे. सकाळी लवकर निघा आणि पाणी बरोबर ठेवा.