मदत हवी आहे : १९६६ ची मस्टँग गरम झाली की पुन्हा सुरू होत नाही

नमस्कार मंडळी,

आधी दुखणं सांगते, मग बाकीचं. गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग. २८९ घन इंचाचं व्ही-८ इंजिन, ऑटोलाइट २१०० कार्ब्युरेटर, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सकाळी थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला सुरू होते. अर्धा तास छान चालते, कुठे अडखळत नाही. पण बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरत राहतं, पेटत नाही. बॉनेट उघडं टाकून पाऊण तास थांबलं की निमूट सुरू होते.

ही बाबांची गाडी. ते १९७४ साली शिकायला अमेरिकेत आले आणि दोन वर्षांनी ही जुनी मस्टँग घेतली. चॅसी नंबरातल्या ‘आर’ अक्षरावरून ती कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कारखान्यातली आहे, हे मला आता कळलं. शेवटची वीस वर्षं ती गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली होती. गेली तीन वर्षं शनिवार-रविवार मी तिच्यावर काम करतेय. बाबा खुर्ची टाकून बसतात आणि कुठला नट कुठे जातो ते सांगतात. त्यांची पंचाहत्तरी झाली. त्यांना शेजारी बसवून लांब फिरवून आणायचंय, आणि वाटेत चहाला थांबल्यावर गाडी रुसायला नको. एवढंच मागणं आहे.

आतापर्यंत केलेलं काम : टाकी, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंप नवे. कार्ब्युरेटर उघडून धुतला, गॅस्केटं बदलली. प्लग, वायरी, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) नवे. पॉइंटची फट ०.०१७ इंच, प्लगची ०.०३४. व्हॅक्यूमचा पाइप काढून, तोंड बंद करून ठिणगीचं टायमिंग ६ अंशांवर बसवलं. गेल्या उन्हाळ्यात बॅटरीशेजारचा सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच) चिकटत होता, तोही बदलला.

एक विचित्र गोष्ट आहे, तिचा संबंध आहे की नाही माहीत नाही. गरम असताना बराच वेळ सेल्फ मारून किल्ली सोडते ना, तेव्हा नेमक्या सोडण्याच्या क्षणी इंजिन एकदा भकभकतं आणि विझतं.

आणखी दोन प्रश्न. ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे तेल ढकलणारा) मूळचा, एकाच कप्प्याचा आहे. तसाच ठेवू का? आणि पाऊस पडला की शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला होतो, दाराचं रबर नवं असूनही.

प्रतिसाद

ताई, लक्षणं तर पेट्रोल उकळण्याची वाटतात. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो आणि सगळी उष्णता कार्ब्युरेटरकडे चढते. अमेरिकेतल्या आजच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या पेट्रोलपेक्षा लवकर उकळतं. या इंजिनात तर कार्ब्युरेटरखालच्या स्पेसरमधून (मधल्या जाड तुकड्यातून) हीटरचं गरम पाणी फिरवलेलं आहे, थंडीत बर्फ धरू नये म्हणून. तो स्पेसर काढून उष्णता अडवणारा, फेनॉलिकचा घाला.

प्रतिसाद

स्पेसर बदलण्याआधी पेट्रोल की ठिणगी, हे ठरवा. नाहीतर एकेक भाग बदलत राहाल आणि कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

गाडी गरम करून बंद करा. दहा मिनिटांनी एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारा. बंद इंजिनातही पेट्रोल ठिबकत असेल, तर ते उकळून सांडतंय. ठिबकत नसेल, तर हाताने थ्रॉटल उघडा. दोन बारीक धारा जोरात उडाल्या तर आत पेट्रोल आहे, कोरडं पडलेलं नाही. मग ठिणगी बघा. एक वायर काढून जुन्या प्लगला जोडा, प्लग इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कार्ब्युरेटरपासून लांब, हे कृपया विसरू नका. निळी, कडाडणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक असेल तर पेट्रोलचा नाद सोडा.

प्रतिसाद

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका, बाहेरून काही दिसत नाही. माझ्या गाडीत दहा वर्षं आहे, एकदाही हात लावावा लागला नाही.

धागाकर्ती

दादा, सूचना पटते, पण पॉइंटची फट लावायला मला बाबांनी शिकवलं. ते काम आम्ही दोघं मिळून करतो. अगदीच नाइलाज झाला तरच काढेन.

प्रतिसाद

थांबा. तुम्ही जी गोष्ट ‘विचित्र’ म्हणून शेवटी लिहिलीत, तिथेच उत्तर असावं. किल्ली सोडताना पेटतं, याचा अर्थ सेल्फ फिरत असताना कॉइलला पुरेसा दाब (व्होल्टेज) मिळत नाही.

या गाडीत किल्लीपासून कॉइलपर्यंत जाणारी गुलाबी वायर साधी नाही, ती रेझिस्टन्सची आहे. चालू गाडीत पॉइंट आणि कॉइल जळू नयेत म्हणून ती मुद्दाम दाब कमी करते. पण सेल्फ मारताना बॅटरीच १० व्होल्टच्या आसपास उतरते. त्यातून ही वायर आणखी खाणार, मग ठिणगी कुठून पडणार? म्हणून फोर्डने दुसरी वाट ठेवली. सोलेनॉइडला दोन लहान बोल्ट असतात, ‘एस’ आणि ‘आय’. ‘एस’वर किल्लीकडून हुकूम येतो. ‘आय’वरून तपकिरी वायर निघते आणि सेल्फ फिरत असेल तेवढ्यापुरता गुलाबी वायरला वळसा घालून बॅटरीचा पूर्ण दाब कॉइलला देते. किल्ली सोडली की ही वाट बंद.

गरम इंजिनात स्टार्टर जास्त करंट ओढतो, बॅटरी आणखी खाली जाते. म्हणून इंजिन थंड असताना कसंबसं जमतं आणि गरम झाल्यावर नाही. थंड असतानाही पहिल्या फटक्याला सुरू होत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. चांगल्या स्थितीतलं २८९ असं करत नाही.

सोलेनॉइड तुम्ही बदललाय. त्याला लहान बोल्ट किती आहेत ते बघा. बाजारात एकाच लहान बोल्टचेही मिळतात, बाहेरून हुबेहूब तसेच.

धागाकर्ती

काका, एकच आहे!

आत्ता गॅरेजमधूनच लिहितेय. तपकिरी वायरीचं टोक मी तेव्हा टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवलं होतं, नव्या भागाला जागाच नव्हती म्हणून. बाबा तेव्हा म्हणाले होते, “ही वायर कशाची होती?” मी पुढे विचारलंच नाही.

तरी सांगितलेल्या चाचण्या सगळ्या केल्या. घशात ठिबकत नाही, थ्रॉटल उघडल्यावर दोन्ही धारा येतात. ठिणगी पिवळी. सेल्फ मारताना बॅटरीवर ९.६ व्होल्ट आणि, पॉइंट मिटलेले असताना, कॉइलच्या धन टोकाला जेमतेम ४.७.

प्रतिसाद

झालं तर मग. दोन बोल्टांचा आणा. ‘एस’ आणि ‘आय’ची अदलाबदल होऊ देऊ नका. आणि तपासताना पॉइंट मिटलेले असतील तर किल्ली उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

इलेक्ट्रॉनिकवाल्या मित्रांसाठी एक : तशा बहुतेक संचांना पूर्ण १२ व्होल्ट लागतात. गुलाबी वायरीवर जोडले तर हाच त्रास वेगळ्या तोंडाने परत येतो.

ब्रेकचं मात्र पुढे ढकलू नका. एका कप्प्याच्या सिलिंडरमध्ये कुठेही गळती झाली, एखाद्या चाकाचा रबरी पाइप जरी फुटला, तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७ च्या मॉडेलपासून मस्टँगला दोन कप्प्यांचा आला, पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेगळा. चारही ड्रम असतील तर त्या वर्षाचा ड्रमवाला सिलिंडर त्याच बोल्टांवर बसतो. लोखंडी नळ्या नव्या वळवाव्या लागतील, आणि पुशरॉडची (पेडलकडून सिलिंडरला ढकलणाऱ्या दांड्याची) लांबी जुळवा. किंचित जास्त झाली तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत, चाकं तापतात. मूळपणाचा आग्रह मलाही आहे, पण बाबा शेजारी बसणार आहेत. ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा.

प्रतिसाद

ओल्या गालिचाबद्दल : दार सोडा, समोरच्या काचेखालची जाळी बघा. त्या काळच्या मस्टँगचं हे ठरलेलं दुखणं आहे. जाळीतून पाणी आणि पाला आत जातो, तळाशी साचतो, आणि हवा आत घेणारी जी पत्र्याची गोल कडा असते ती गंजून जाते. गालिचा काढा, कुणाला तरी डॅशखाली टॉर्च घेऊन झोपवा आणि जाळीवर हळूहळू पाणी ओता. कुठून गळतंय ते दिसेल. वरून चिकटवायच्या प्लास्टिकच्या कडा मिळतात, पण त्या गंज झाकतात, थांबवत नाहीत. खरं काम म्हणजे वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवून तो उचलणं, खालचा पत्रा बदलणं आणि पुन्हा वेल्ड मारणं. फ्लोअरचा पत्रा नवा घालणार असाल तर आधी हे करा, नाहीतर नवाही सडेल.

धागाकर्ती

सोलेनॉइड काल संध्याकाळी बसवला. तपकिरी वायर ‘आय’वर. सेल्फ मारताना कॉइलला आता ९.४ व्होल्ट. चाळीस मिनिटं गाडी चालवली, बंद केली, बरोबर दहा मिनिटं घड्याळ लावून वाट बघितली. किल्ली बाबांनी फिरवली. इंजिनाने एक फेरा पूर्ण केला असेल नसेल, सुरू! पुन्हा बंद केली, वीस मिनिटांनी पुन्हा पहिल्याच फटक्याला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

त्या काकांना आमचा दोघांचा नमस्कार.

पाणीही ओतून बघितलं. दोन्ही बाजूंनी गळतंय, शेजारच्या बाजूला धारच लागते. दोन कप्प्यांचा सिलिंडर मागवलाय, तो बसल्याशिवाय गल्लीबाहेर जाणार नाही. जाळीखालच्या पत्र्याचं काम मात्र मी आधी कधी केलेलं नाही. तो वरचा पत्रा उचलताना काच काढावीच लागते का, आणि स्पॉट वेल्ड सोडवायला कुठला ड्रिल बिट घेऊ? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सविस्तर लिहा. येत्या शनिवारी डॅश उघडायला घेतेय.