एकोणीस वर्षांच्या घोडीला निवृत्ती द्यावी तरी कशी?

माहीकाठ (बडोदे): माझी काठेवाडी कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी यंदा 19 वर्षांची झाली. गेली बारा वर्षे आम्ही माही नदीच्या कोतरांतून (घळींतून) लांब पल्ल्याच्या रपेटी करत आलो. पूर्वी 40 किलोमीटरनंतर खोगीर उतरवले की दहा मिनिटांत तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 60 च्या खाली येत. गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्याला वीस-बावीस मिनिटे लागतात आणि सकाळी ठाणावरून (बांधायच्या जागेवरून) निघताना तिचा मागचा डावा पाय पहिली आठ-दहा पावले आखडतो. आमचा मोतद्दार (घोडीची देखभाल करणारा) म्हणतो, की आता तिला ठाणावरच बांधून सुखाने खाऊ द्यावे. जाणकारांचे मत हवे आहे.

पागेकरी (इंदूर): मोतद्दाराचा हेतू चांगला आहे, सल्ला नाही. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक वेळेत ठोके मिनिटाला 64 पर्यंत उतरले नाहीत, तर घोडा बाद होतो. तेव्हा स्पर्धेपुरता निर्णय आपल्या घोडीने स्वतःच कळवला आहे, असे समजावे. परंतु स्पर्धा थांबणे आणि चालणे थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हातारे सांधे बांधून ठेवल्याने अधिक आखडतात, आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोटशूळ उद्भवतो. अंतर तीन-चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करावे, रोज तासभर मऊ जमिनीवर चालवावे आणि मुख्य म्हणजे काम कमी करण्याआधी चंदी (धान्याचा खुराक) कमी करावी, कारण काम थांबले आणि धान्य तेवढेच राहिले, तर चरबी चढते आणि खुरांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. पायाची तपासणी अर्थातच पशुवैद्याकडून करून घ्यावी.

खरारा: अमेरिकेतील एल्मर बँडिट हा 1971 मध्ये जन्मलेला घोडा 38 व्या वर्षापर्यंत ट्रेल (रानवाटांवरील लांब रपेटीच्या) स्पर्धांत उतरत होता आणि त्याच्या नावावर 20,000 मैलांहून अधिक अंतर होते, हे खरे, पण त्या स्पर्धांत वेगापेक्षा घोड्याची तब्येत पाहतात, म्हणून ते उदाहरण शर्यतीसाठी कुणी पुढे करू नये. मला वेगळेच विचारायचे आहे: गव्हाणीखाली अर्धवट चघळलेल्या गवताचे बोळे पडतात का? घोड्याचा दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजतो आणि तेवढाच वर सरकतो. उतारवयात हिरडीखालचा दाताचा साठा संपत येतो. बोळे दिसल्यास पशुवैद्याकडून दात कानशीने घासून घ्यावेत आणि भिजवलेला भरडा द्यावा. मात्र नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवू नये. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असते. सोबत लसूणघास असावा.

माहीकाठ: आभारी आहे. काल रात्री टॉर्च घेऊन पाहिले, तेव्हा चार बोळे सापडले. मी ते इतके दिवस सांडलेला चारा समजत होतो. हिवाळ्यातील रपेटीतून तिचे नाव काढून घेतले असून, दात आणि पाय दोन्ही दाखवण्यासाठी पुढच्या आठवड्यात तिला आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेणार आहे. चंदी आजपासून पाव हिश्शाने कमी केली, म्हणून मोतद्दार सकाळपासून माझ्याशी बोललेला नाही.