माशांच्या टाकीत हात घातला की झिणझिण्या येतात, हीटर बदलू का?

निळीशेपटी:
पाणी बदलताना टाकीत हात घातला की बोटांना झिणझिण्या येतात, नखापाशी थोडं कापलंय तिथे तर चांगलंच चावतं. चप्पल घातली असेल तर काही नाही, अनवाणी उभं राहिलं की लगेच जाणवतं. मासे मात्र मस्त फिरतायत, खातायत. हीटर, फिल्टर, एअर पंप, लाइट सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आहे आणि एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) काही पडला नाही. नुसता हीटर बदलला तर भागेल का?

वायरमन_काका:
आधी सगळे प्लग काढा आणि तोवर पाण्यात हात घालूच नका. माशांवरून अंदाज बांधू नका, त्यांच्यातून करंट जायला वाटच नसते, तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही तसंच. तुमचे पाय फरशीला टेकलेत म्हणून तो तुमच्यातून जमिनीत जातो, आणि कापलेल्या जागी कातडीचा अडथळा कमी म्हणून तिथे जास्त चावतं. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, तो कित्येक अँपिअरला पडतो, माणसाच्या जिवाला त्याच्या कितीतरी आधी धोका होतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच लागतो, गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसला की तो क्षणात पडतो. तो आहे का बघा, नसेल तर हीटरच्या आधी तो बसवून घ्या.

टाकीवेडी:
काकांशी सहमत. प्लग काढल्यावर हीटर बाहेर काढून उजेडात धरा, काचेच्या आत वाफ किंवा थेंब दिसले किंवा रबरी टोपणापाशी केसाएवढी चीर दिसली तर तो गेलाच समजा. बरेचदा पाणी बदलताना हीटर चालू राहतो, काच उघडी पडून तापते, वरून गार पाणी पडलं की तडकते. म्हणून बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मगच पाणी काढायचं. हीटरवरचा दिवा विझलाय म्हणजे हीटर बंद असं धरू नका, थर्मोस्टॅटने तोडला तरी आत लाइव्ह असू शकते.

निळीशेपटी:
थेंब आहेत हो आत! आरसीसीबी नाहीये. अर्थिंग प्रोब (पाण्यातला करंट अर्थिंगला नेणारी सळई) टाकला तर चालेल का तोपर्यंत?

वायरमन_काका:
नको. आरसीसीबीशिवाय प्रोब टाकला तर करंट त्यातून वाहत राहतो, झिणझिण्या कमी होतात आणि बिघाड तसाच झाकून राहतो. आरसीसीबी असला की मग प्रोबचा उपयोग आहे, बिघाड झाल्या झाल्या तो पडेल, फक्त सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. त्याला फिल्टर आणि पंपाचं लीकेजही एकेक करून बघायला सांगा, दोषी एकटा हीटरच असेल असं नाही. बोर्ड टाकीखाली जमिनीवर असेल तर उचलून भिंतीला लावा आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथूनच गळेल, प्लगात शिरणार नाही. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबत जा, दाबूनही पडला नाही तर लगेच बदला. आणि तो हीटर सिलिकॉन लावून परत वापरू नका, वायर कापून टाकून द्या, म्हणजे दुसरं कोणी उचलून लावणार नाही.